जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब पुन्हा बनवता येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्ही दुरुस्तीत माझी पस्तीसेक वर्षं गेली. त्यातली सुरुवातीची तीन मी ट्यूब 'रिबिल्ट' करणाऱ्या एका लहानशा युनिटात, भट्टीसमोर घाम गाळत काढली. ते युनिट केव्हाच बंद पडलं, पण फोन अजून येतात. 'आजोबांचा शटरवाला टीव्ही आहे, बाकी सगळं ठीक आहे, फक्त ट्यूब गेलीय. नवी मिळेल का?' तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय.

एका वाक्यात सांगा, जुनी पिक्चर ट्यूब नव्याने बनवता येते का?

काच शाबूत असेल तर तीच काच वापरून आत नवी गन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत सोडणारा भाग, बसवता येते (यालाच 'रिगन' म्हणतात). काचेपासून सगळीच नवी हवी असेल, तर कृष्णधवल आणि लहान ट्यूब एखादा वेडा माणूस वर्षभर खपून बनवू शकेल. रंगीत मात्र विसरा. एका वाक्याची चार झाली, पण याहून कमीत खरं उत्तर बसत नाही.

ट्यूब 'गेली' म्हणजे नेमकं काय गेलं?

बहुतेक वेळा मसुराच्या दाण्याएवढी एक वस्तू. ट्यूबच्या निमुळत्या मानेत, म्हणजे नेकमध्ये, गन असते. गनच्या मागच्या टोकाला निकेलची एक बारीक टोपी असते, तिला कॅथोड म्हणतात. टोपीच्या तोंडावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप असतो. आतला हीटर, बहुधा ६.३ व्होल्टचा, तिला साधारण ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो आणि लेपातून इलेक्ट्रॉन सुटायला लागतात. चित्र म्हणजे तेच इलेक्ट्रॉन. काही हजार तास चालल्यावर लेपाचा दम संपतो. यालाच आपण 'ट्यूब वीक झाली' म्हणतो.

बाकी ऐवज, म्हणजे काच, पडद्यामागचा फॉस्फर (इलेक्ट्रॉन आदळले की उजळणारी भुकटी), त्यावरचा ॲल्युमिनियमचा पातळ थर, आतबाहेर फासलेला काळा ग्रॅफाइटचा लेप, बऱ्यापैकी जसाच्या तसा असतो. म्हणून तर गन बदलण्याचा धंदा एके काळी चालला. टीव्ही महाग, ट्यूब त्याहून नाजूक, आणि काच मात्र धडधाकट.

आणखी तीन कारणं आहेत. हीटरची तार तुटते. आतले दोन भाग एकमेकांना चिकटून शॉर्ट होतात. किंवा काचेतून हवा आत शिरते. या तिसऱ्याचं निदान सगळ्यात सोपं, ते पुढच्या उत्तरात.

माझी ट्यूबच गेलीय हे कशावरून ओळखायचं?

आधी बंद टीव्हीच्या मागून नेककडे बघा. काचेच्या आतल्या बाजूला आरशासारखा चकचकीत डाग दिसेल. तो गेटर. बेरियमचा थर असतो तो, आत उरलासुरला वायू शोषून घेण्यासाठी मुद्दाम उडवलेला. तो चांदीसारखा किंवा काळपट असेल तर आत निर्वात आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर ट्यूबने हवा घेतली. अशा ट्यूबवर बूस्टर, मशीन, नवस, काहीही चालत नाही.

गेटर ठीक, हीटर लाल दिसतोय, पण चित्र यायला दहा मिनिटं लागतात, आणि ब्राइटनेस वाढवला की माणसांचे चेहरे चांदीचा वर्ख लावल्यासारखे दिसतात? मग कॅथोड थकलाय. पण चित्रच येत नाही, नुसता आवाज येतोय, तर ट्यूबवर आळ घेऊ नका. दहांपैकी सहा-सात वेळा माझ्याकडे दोष लाइन आउटपुटमध्ये (ट्यूबचं चढं व्होल्टेज बनवणाऱ्या भागात), फुगलेल्या कपॅसिटरमध्ये किंवा ट्यूबच्या सॉकेटमध्येच निघालाय. गंजलेला सॉकेट साफ केला आणि 'गेलेली' ट्यूब उठून बसली, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

हे सगळं स्वतः तपासणार असाल तर एक गोष्ट वाचून मगच हात घाला. कृष्णधवल संचात ट्यूबच्या कुशीतल्या टोपीवर, म्हणजे ॲनोडवर, १०,००० ते १८,००० व्होल्ट असतात, रंगीतमध्ये २५,००० किंवा त्याहूनही जास्त. प्लग काढला तरी ट्यूब हा दाब धरून बसते, कारण काच आणि तिच्या दोन्ही बाजूंचा ग्रॅफाइट मिळून एक मोठा कपॅसिटरच झालेला असतो. डिस्चार्ज करायचा तो ट्यूबच्या बाहेरच्या लेपावर टेकलेल्या अर्थच्या तारेला जोडून. चॅसिसवर कुठेही टेकवला तर एखादी आयसी उडते. आणि हे कधी केलं नसेल तर करूच नका. जाणत्याला बोलवा.

बूस्टर लावून किंवा मशीनवर 'चार्ज' करून ट्यूब सुधारते का?

सुधारते, पण किती दिवस ते विचारा. बूस्टर म्हणजे छोटा ट्रान्सफॉर्मर. तो हीटरला ६.३ ऐवजी सात-आठ व्होल्ट देतो. कॅथोड जास्त तापतो, जास्त इलेक्ट्रॉन देतो आणि लवकर संपतो. रिजुव्हिनेशन मशीन त्याच्याही पुढचं. हीटर जास्त तापवून ग्रिड (कॅथोडसमोरचं भोकाचं झाकण) आणि कॅथोड यांच्यात करंटचे झटके द्यायचे, म्हणजे लेपाचा वरचा मेलेला थर उडून खालचा ताजा भाग उघडा पडतो. विहिरीतला गाळ उपसण्यासारखं आहे. खाली झरा असेल तर पाणी लागेल, नाहीतर खडक. मी याला शेवटचा उपाय समजतो. संग्रहातल्या दुर्मीळ ट्यूबवर तर कधीच पहिला हात म्हणून नाही. झटका जास्त बसला की लेपच निघून जातो, आणि मग मागे यायची वाट नसते.

रिगन करतात म्हणजे काय करतात?

हे मी सविस्तर सांगतो, कारण माझ्या आयुष्यातली तीन वर्षं यात आहेत.

पहिलं काम हवा आत सोडणं. ऐकायला सोपं वाटतं. आतला दाब बाहेरच्या हवेच्या अब्जाव्या हिश्शाइतका असतो. नेकच्या टोकाला, पिनांच्या मधोमध, काचेची एक बंद केलेली टोचणी असते. कारखान्यात तिथूनच हवा उपसलेली असते. कानशीने तिला केसाएवढी चीर पाडायची आणि कान लावून बसायचं. बारीक 'सूं' असा आवाज येत राहतो, हळूहळू मंदावतो आणि थांबतो. शिकाऊ असताना मी एकदा घाईत ती टोचणी पकडीने मोडली. हवा एकदम आत घुसली, आणि पडद्यामागचा फॉस्फर पिठाच्या पापुद्र्यासारखा सुटून फनेलमध्ये, म्हणजे पडद्यामागच्या नसराळ्यासारख्या भागात, पडला. वीस इंची, तोवर पूर्णपणे धड असलेली ट्यूब होती. आमच्या मिस्त्रींनी आवाज चढवला नाही की पगार कापला नाही. ती ट्यूब महिनाभर माझ्या टेबलावर ठेवली, एवढंच. जेवायचा डबाही तिच्या शेजारीच उघडायचा.

हवा आत आली की नेक कापायची. नेकभोवती नायक्रोमची तार गुंडाळून तापवायची, ओलं फडकं लावायचं, 'टक्' असा आवाज येतो आणि काच सरळ रेषेत सुटते. जुनी गन बाहेर. मग नेकच्या आतला जुना गेटरचा डाग साफ करायचा आणि काचेच्या लेथवर नव्या नेकचा तुकडा जोडायचा. दोन्ही भाग एकाच वेगाने फिरत असतात, मधे गॅस-ऑक्सिजनची ज्योत, काच मधासारखी मऊ होते आणि एकमेकांत मिसळते. इथे काच त्याच जातीची लागते. नेकची काच शिशाची असते. वेगळी काच जोडली तर गरम असताना छान दिसते, आणि थंड होताना प्रसरणाच्या फरकामुळे तडकते. कधी लगेच, कधी रात्री दोनला कोणी जवळ नसताना.

मग नवी गन आत सरकवून तिचं बूड ज्योतीने नेकला सांधायचं. गन मधोमध आणि योग्य कोनात बसली पाहिजे. कृष्णधवलमध्ये थोडं इकडेतिकडे चालून जातं, रंगीतमध्ये नाही.

त्यानंतर भट्टी. ट्यूब पंपाला जोडायची: आधी साधा रोटरी पंप, मग डिफ्युजन पंप. हवा उपसत असतानाच ट्यूब हळूहळू साडेतीनशे ते चारशे अंशांपर्यंत तापवायची, तिथे ठेवायची आणि तितक्याच सावकाश उतरवायची. तापवणं कशासाठी? काचेला आणि ग्रॅफाइटला पाण्याची वाफ चिकटून बसलेली असते. ती नुसत्या पंपाने निघत नाही. ही पायरी आवरती घेणाऱ्यांच्या ट्यूब पहिल्या आठवड्यात झकास चालत आणि सहा महिन्यांत परत येत. 'रिबिल्ट ट्यूब टिकत नाही' ही बदनामी गनमुळे झालेली नाही, अर्धवट भाजलेल्या काचेमुळे झालीय.

पंप चालू असतानाच हीटर तापवतात. नव्या कॅथोडवर बेरियम-स्ट्रॉन्शियमचा कार्बोनेट असतो, कारण ऑक्साइड हवेत टिकत नाही. तापल्यावर कार्बन डायऑक्साइड सुटतो, मोजमापाचा काटा उडी मारतो आणि परत खाली बसतो. तो काटा परत बसला की आमच्याकडे चहा यायचा. मग टोचणी ज्योतीने वितळवून बंद करायची, नेकवर कॉइल धरून गेटरची कडी लाल करायची, आणि अचानक, एका क्षणात, काचेवर आरसा पसरतो. कितीही वेळा पाहिलं तरी ते बघायला माणसं हातातलं काम टाकून यायची. शेवटी चढ्या व्होल्टेजवर ठिणग्या पाडून गनवरचे बारीक कण जाळायचे आणि काही तास ट्यूब चालवून कॅथोड मुरवायचा.

मग आज हे कोणी का करत नाही? अडतं कुठे?

गनपाशी. भट्टी, पंप, लेथ या वस्तू जमवता येतात. प्रयोगशाळांची काच फुंकणारे कारागीर अजून आहेत. पण गन हा शेकडो सूक्ष्म कामांचा जोड असतो, आणि ती लाखांच्या संख्येने बनत होती तेव्हाच स्वस्त होती. आज वापरतात ती कुठल्या तरी बंद कारखान्याच्या गोदामात पडून राहिलेली, किंवा त्याच मापाच्या दुसऱ्या ट्यूबमधून काढून नवा कॅथोड बसवलेली. माप म्हणजे मुख्यतः नेकचा व्यास. जुन्या रंगीत ट्यूबांना ३६ मिलिमीटरच्या वर, पुढच्यांना २९, नंतरच्या सडपातळ कृष्णधवलला २०. व्यास जुळला तरी फोकसची पद्धत, व्होल्टेज, पिनांची मांडणी जुळावी लागते.

कॅथोडचा साठाही बघावा लागतो. वर्षानुवर्षं दमट हवेत पडलेल्या गनचा लेप कामाचा राहत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या डब्यात ठेवलेली गन घेण्याआधी दोनदा विचार करा.

रंगीत ट्यूबचं एखादं खरं उदाहरण सांगा ना.

सगळ्यात नामी उदाहरण अमेरिकेतलं आहे, १५जीपी२२. आरसीए कंपनीने मार्च १९५४ मध्ये सीटी-१०० नावाचा रंगीत टीव्ही विक्रीसाठी बनवायला घेतला, त्याची ही ट्यूब. किंमत १,००० डॉलर, म्हणजे तिथल्या साध्या मोटारीच्या निम्म्याहून जास्त. त्याच वर्षी ती ४९५ वर आणावी लागली. संच बनले चार हजारांच्या आसपास. आज उरलेले संच संग्राहक जिवापाड जपतात, आणि त्यातल्या बऱ्याच संचांमध्ये ट्यूब मेलेली आहे.

या ट्यूबची रचना नंतरच्या रंगीत ट्यूबांपेक्षा वेगळी होती. नंतरच्या ट्यूबमध्ये फॉस्फरचे ठिपके थेट पडद्याच्या काचेवर असतात. इथे मात्र बाहेरच्या काचेच्या आत एक वेगळी सपाट काच बसवलेली, तिच्यावर ५,८५,००० ठिपके, आणि तिच्यामागे १,९५,००० भोकांचा जाळीचा पत्रा. एका भोकामागे लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके. एवढा सगळा संसार आत घालायचा तर ट्यूब मधून उघडी हवी. म्हणून पुढचा आणि मागचा भाग वेगळा करून दोघांनाही धातूची कड लावली, आणि त्या कडा एकमेकींना वेल्डिंगने जोडल्या.

घात तिथेच झाला. काच आणि धातू जिथे भेटतात तो सांधा काळाच्या ओघात झिरपतो. किती ट्यूब कपाटात, खोक्यात, न वापरता नुसत्या बसल्या बसल्या मेल्या! चालवल्याने झिजल्या असत्या तर निदान कोणी चित्र तरी पाहिलं असतं.

आता रिगनचा विचार करा. हवा आधीच आत आहे. गन बदलायला हरकत नाही, पण सांध्याची गळती बंद केल्याशिवाय पंप चालवण्यात अर्थ नाही. गळती बंद करायला काही लेप लावला तर तो भट्टीत टिकला पाहिजे. भट्टीचं तापमान कमी ठेवलं तर पाणी निघत नाही. जास्त ठेवलं तर सत्तर वर्षांचा सांधा आणखी उकलतो. शिवाय गन तीन, त्यांचे झोत एका भोकात आणायची पद्धत वेगळी, नेकही जाडजूड, त्यामुळे दुसरी कुठलीही गन जशीच्या तशी बसत नाही. ओहायो राज्यातल्या हिलिअर्ड गावी जुन्या टीव्हींचं एक संग्रहालय आहे, 'अर्ली टेलिव्हिजन म्युझियम'. तिथल्या मंडळींनी या एका ट्यूबवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आहेत. धंदा म्हणून हे कधीच परवडलं नसतं. संग्राहकांच्या हट्टापायी ते झालं, आणि मला असा हट्ट आवडतो.

परदेशात कुठे पाठवून रिबिल्ट करून मिळेल का?

पूर्वी मिळायची. अमेरिकेत आयोवा राज्यात डे मॉईन शहरात हॉक-आय नावाचं युनिट शेवटपर्यंत टिकलं. ते २०१० मध्ये बंद झालं आणि त्याची यंत्रं वर सांगितलेल्या संग्रहालयाने घेतली. युरोपात फ्रान्समधलं आरएसीएस हे शेवटचं. तेही २०१३ मध्ये थांबलं. विमानांच्या आणि लष्करी उपकरणांच्या लहान ट्यूबांचं काम करणाऱ्या कंपन्या राहिल्या, जशी अमेरिकेतली थॉमस इलेक्ट्रॉनिक्स. पण तो हिशेब वेगळा. लढाऊ विमानाच्या पडद्याची किंमत देणारं गिऱ्हाईक वेगळं, आणि आजोबांच्या टीव्हीसाठी फोन करणारं वेगळं.

आणि आपल्याकडे? एवढे कारखाने होते की.

होते, आणि या गोष्टीचा शेवट आपल्या अंगणातच झाला हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. १५जीपी२२ बनवणारी आरसीए १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने घेतली. पाठोपाठ तिचा टीव्हीचा आणि ट्यूबचा धंदा फ्रान्सच्या थॉमसनकडे गेला. आणि २००५ मध्ये थॉमसनचे ट्यूबचे कारखाने कोणी घेतले? आपल्या औरंगाबादेत वाढलेल्या व्हिडिओकॉनने. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन. जगाने सपाट पडदे घ्यायला सुरुवात केली होती तेव्हा. पुढच्या दहाएक वर्षांत ते पर्वही संपलं.

कृष्णधवलची कथा त्याआधीची. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि घरोघरी लाकडी शटरचे संच आले. भारत इलेक्ट्रॉनिक्सने कृष्णधवल ट्यूब बनवल्या, आणि ट्यूबची काच बनवायला १९८६ मध्ये तळोज्याला वेगळा कारखाना उभारला. व्हिडिओकॉनची काचेची भट्टी भरूचजवळ होती. उत्तरेत गाझियाबादला सॅमटेल, मोहालीला जेसीटी. या सगळ्यांच्या जोरावर गल्लीबोळांत रिबिल्टची छोटी युनिटं जगत होती. रंगीत नवी ट्यूब स्वस्त झाली तसा त्यांचा श्वास कोंडला.

आज माझ्या माहितीतलं एकही युनिट चालू नाही. माणसं आहेत. माझ्याबरोबर लेथवर असलेला एक जण आता निऑनच्या पाट्या वाकवायचं सोडून शाळांसाठी काचेची उपकरणं बनवतो. हात तसाच आहे त्याचा.

रेट्रो गेमवाल्यांकडून, म्हणजे जुने व्हिडिओ गेम जुन्याच टीव्हीवर खेळणाऱ्यांकडून, मागणी वाढलीय म्हणतात. मग एखादा नवा कारखाना का निघत नाही?

काचेमुळे. काचेची भट्टी गॅसच्या शेगडीसारखी लावता-बंद करता येत नाही. एकदा पेटवली की वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालते, टनांनी काच ओकते. ती काच घेणारा कोणीतरी रोज दारात उभा असावा लागतो. अमेरिकेतली कॉर्निंगची पेनसिल्व्हेनियातली भट्टी २००३ ला बंद झाली, थॉमसनचा इंडियानातला मॅरियनचा ट्यूब कारखाना २००४ ला. दोन्ही ठिकाणी तंत्र उत्तम होतं. गिऱ्हाईक आटलं.

त्यातून रंगीत ट्यूबचा पडदा आणि त्याची जाळी ही जोडी जन्माची असते. फॉस्फरचे ठिपके त्याच जाळीतून प्रकाश टाकून, तीन रंगांसाठी तीनदा, छायाचित्र धुवावं तसे बनवतात. एका पडद्याची जाळी दुसऱ्याला चालत नाही. मग पडदा आणि फनेल शिशाच्या मऊ काचेने साडेचारशे अंशांच्या आसपास सांधतात. यातली प्रत्येक पायरी म्हणजे एकेक कारखाना. जगभरचे सगळे हौशी एकत्र आले तरी त्यांची वर्षभराची मागणी अशा कारखान्याला फार तर काही दिवसांचं काम देईल.

कृष्णधवलचा पडदा खराब असेल तर फॉस्फर नव्याने बसवता येतो?

येतो. घरगुती प्रयोगाच्या जवळ जाणारं हेच एक काम आहे. काच आतून निर्मळ धुवायची, पडद्याची बाजू खाली करून ठेवायची, त्यात पोटॅशियम सिलिकेट आणि थोडा बेरियमचा क्षार घातलेलं पाणी, आणि वरून फॉस्फरची भुकटी गाळून सोडायची. ती गढूळ पाण्यातल्या मातीसारखी सावकाश तळाशी बसते. मग पाणी इतक्या हळू ओतायचं की बसलेला थर हलू नये. आमच्याकडे टेबलच मोटरने कलायचं, हाताने कोणी ओतत नसे. वाळल्यावर लाखेसारखी पातळ फिल्म, तिच्यावर निर्वातात ॲल्युमिनियमची वाफ, आणि भट्टीत फिल्म जळून जाते.

सावधगिरी दोन. जुन्या फॉस्फरमध्ये कॅडमियम असतो, आणि त्याहून जुन्या काहींत बेरिलियम. ते खरवडून फुंकर मारू नका. दुसरं, मधोमध तपकिरी डाग दिसतोय तो आयनांच्या माऱ्याचा. ॲल्युमिनियमचा थर नसलेल्या जुन्या ट्यूबांना तो हमखास पडतो. नवी गन बसवली तरी तो डाग राहणार.

पडद्याच्या कडेने पांढरट, बुळबुळीत डाग पसरलेत. हाही ट्यूबचाच दोष का?

नाही, हा मोतीबिंदू. काही ट्यूबांच्या पडद्यावर सुरक्षेसाठी दुसरी काच चिकटवलेली असायची, आणि मधला चिकट थर म्हातारपणी सुटतो. संग्राहक याला खरंच मोतीबिंदू म्हणतात, इंग्रजीतसुद्धा. ट्यूबचं आयुष्य शाबूत असतं. ऊब देऊन, पातळ तार ओढून वरची काच काढतात, साफ करतात, पुन्हा बसवतात. पण काम करताना ही आकडेमोड लक्षात ठेवा. २१ इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण १,४०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्यावर हवेचा भार जवळपास चौदाशे किलो. जाड हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, आणि घरातली मुलं दुसऱ्या खोलीत.

खर्च किती येईल?

आकडा सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा. चालू युनिट नसताना दर ठरणार कसा? एखाद्या हौशी जाणकाराने केलंच, तर तो तुमच्याकडून साहित्याचे पैसे घेईल आणि हमी देणार नाही. ते प्रामाणिक आहे.

त्यापेक्षा आत एलसीडी बसवला तर?

खोकं तुमचं, मर्जी तुमची. फक्त जुनी ट्यूब आणि चॅसिस फेकू नका, माळ्यावर ठेवा. आणि आधी त्याच मापाची दुसरी ट्यूब शोधा. वीस इंची कृष्णधवल संच भंगारवाल्याकडे अजून येतात, आणि त्यातली ट्यूब तुमच्यापेक्षा कमी चाललेली असू शकते. रिगनपेक्षा हा मार्ग नेहमीच स्वस्त पडतो.

ट्यूब काढून ठेवायची किंवा पाठवायची तर कशी?

आधी डिस्चार्ज. मग उचलताना दोन्ही हात पडद्याखाली, नेकला धरून कधीच नाही. नेक हा हँडल दिसतो आणि तिथेच घात होतो. ठेवायची ती पडदा खाली करून, दुमडलेल्या गोधडीवर. योक, म्हणजे नेकवर चढवलेली तारेची वेटोळी, ओढून काढू नका, पाचरी आणि डिंक घट्ट झालेले असतात. राहू दे तिथेच. पिनांवर जुना सॉकेट किंवा थर्मोकोलचा ठोकळा बसवा, म्हणजे मधली टोचणी सुरक्षित राहील. खोकं ट्यूबपेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठं, आणि मधली जागा कागदाच्या बोळ्यांनी ठासून भरलेली. बाहेर 'काच' एवढंच लिहू नका, कोणी वाचत नाही. पडदा कुठल्या बाजूला आहे तो बाण काढा. शक्य असेल तर एसटीत शेजारच्या सीटवर ठेवून स्वतः घेऊन या. अर्ध्या तिकिटाचे पैसे द्यावे लागले तरी.